आर७१० आणि आर७२० एकत्र चालवताना सीपीयू टाईप कोणता ठेवावा? रॉकी ९ ची व्हीएम सुरूच होत नाही

प्रेसशॉप_भोसरी:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस पार्ट्सचं वर्कशॉप आहे. मी मूळचा स्टोअर आणि डिस्पॅचचा माणूस. आधी सर्व्हर बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला, जाताना पासवर्डची वही माझ्या टेबलावर ठेवून गेला, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे. लिनक्स कामापुरतं येतं, पण प्रोसेसरच्या पोटात काय असतं ते विचारू नका.

दोन सर्व्हर आहेत, दोन्ही सेकंडहँड घेतलेले. एक डेल आर७२०, त्यात झिऑन ई५-२६५० व्ही२ च्या दोन चिप. दुसरा आर७१०, त्यात ई५५२० च्या दोन. दोन्हीवर प्रॉक्समॉक्स ८ आहे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आणि दोन्ही जोडून क्लस्टर केलेलं आहे. रोजचं सगळं आर७२० वर चालतं: ईआरपी (चलनं वगैरे कंपनीचं रोजचं काम चालवणारं सॉफ्टवेअर), टॅलीसाठी विंडोजची एक व्हीएम, ड्रॉइंगची फाईल सर्व्हर. आर७१० राखीव. राखीव अशासाठी, की प्रेस शॉपमध्ये तेलकट धूळ इतकी उडते की पंखे वरचेवर उघडून साफ करावे लागतात. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी आणि बरेचदा लाईटही नसते, म्हणजे जो दिवस मोकळा त्या दिवशी वीज नाही. मग साफसफाई चालू दिवशीच करायची. गेटवर गाडी उभी, चलन आणि ई-वे बिल निघायचंय, अशा वेळी ईआरपी बंद केली तर मला केबिनमध्ये बोलावणं येतं. म्हणून ती चालू ठेवूनच दुसऱ्या सर्व्हरवर ढकलायची.

आजवर हे बिनबोभाट व्हायचं. ईआरपी सेंटओएस ७ या लिनक्सवर होती. पण त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, आणि आमच्या एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटरने नेमकं तेच लाल पेनाने लिहून दिलं. ईआरपीवाले म्हणतात नवीन आवृत्ती रॉकी लिनक्स ९ वरच देऊ. तिथून ही कथा सुरू. इथे देवनागरीतच लिहायचा नियम आहे, त्यामुळे एरर कानाला ऐकू येतील तशा उतरवतोय.

आर७१० वर रॉकी ९ साठी नवी व्हीएम केली, काहीच बदललं नाही. स्टार्ट दाबलं की लगेच टास्क लाल: 'होस्ट डझन्ट सपोर्ट रिक्वेस्टेड फीचर', पुढे सीपीयूआयडी ०१एच, ईसीएक्स, एईएस, बिट २५.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की जुन्या मशीनवर सीपीयू टाईप केव्हीएम६४ ठेवा. ठेवला. व्हीएम सुरू झाली, रॉकीचा इन्स्टॉलर चार ओळी बोलला आणि 'फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२'. त्याच्याखाली कर्नल पॅनिक, 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. गंमत म्हणजे हाच केव्हीएम६४ आर७२० वर ठेवला तरी हीच एरर. ती चिप तर चार वर्षांनी नवी आहे!

मग टाईप 'होस्ट' केला. आर७२० वर रॉकी ९ झकास बसलं, ईआरपीची चाचणीही झाली. खूश होऊन ती चालू व्हीएम आर७१० वर ढकलली. पट्टी शंभर टक्के, टास्क हिरवा, सगळं 'ओके'. पण कन्सोल गोठलेलं, पिंग बंद, आणि एक कोअर शंभर टक्क्यांवर फिरतोय. शेवटी स्टॉप करून परत आणली.

आमचा हार्डवेअरवाला म्हणतो दोन्ही डबे बदला, कोटेशन त्याने न मागताच पाठवलंय. मालक मला विचारतात, 'बदलायलाच पाहिजे का?' मला खरं उत्तर द्यायचंय. चिप खरोखर कालबाह्य झाली आहे, की हा सगळा सेटिंगचा खेळ आहे?

---

हिंजवडी_नाईटशिफ्ट:

ई५५२० ही २००९ ची चिप आहे साहेब. चार कोअर, २.२६ गिगाहर्ट्‌झ. आजचा साधा मिनी पीसी तिला कापून खाईल आणि वीज पाव लागेल. आर७१० भंगारात द्या, एवढ्या एररची पारायणं करण्यात अर्थ नाही.

---

निळी_पॅचकॉर्ड:

नाईटशिफ्ट यांचं वीजबिलाचं म्हणणं खरं आहे, पण विचारलंय ते वेगळंच. या तिन्ही एररसाठी एकही डबा बदलायची गरज नाही. मी वैद्यकीय चाचण्यांच्या एका लॅबचे सर्व्हर सांभाळते, आमच्याकडेही अशीच दोन पिढ्यांची जोडी होती, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हीएमला समोरची चिप थेट दिसत नाही. सुरू होताना ती विचारते, 'माझ्या प्रोसेसरला काय काय येतं?' आणि उत्तर प्रॉक्समॉक्स देतं. सीपीयू टाईप म्हणजे ते ठरलेलं उत्तर. चिपला येत असलेली गोष्ट तुम्ही लपवू शकता, पण न येणारी गोष्ट 'येते' म्हणून सांगता येत नाही. आता तुमच्या एरर या नजरेने वाचा.

मधली एरर आधी घेते. केव्हीएम६४ म्हणजे जवळपास पेंटियम ४ चा मुखवटा आहे. मुद्दाम इतका जुना, की कुठल्याही सर्व्हरवर चालावा. २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून ६४ बिट प्रोसेसरच्या पातळ्या ठरवल्या, व्ही२, व्ही३, व्ही४ अशा. व्ही२ साठी एसएसएसई३, एसएसई४.१, एसएसई४.२, पॉपसीएनटी वगैरे सूचना, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञा, लागतात. रेड हॅट ९ आणि त्याच्यावर बेतलेलं रॉकी ९, अल्मा ९ हे सगळं व्ही२ धरूनच कंपाईल केलेलं आहे. केव्हीएम६४ च्या यादीत या सूचना नाहीत. कर्नल कसाबसा उठतो, पहिली प्रोसेस, म्हणजे इनिट, सुरू करायला जातो, ती जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी) उघडते, जीलिबसी यादी बघून म्हणते 'जमणार नाही' आणि मरते. इनिट मेली की कर्नल पॅनिक. म्हणूनच आर७२० वर तीच एरर आली. चिपला सगळं येत होतं, मुखवट्याने सांगितलं की येत नाही.

तो व्हिडिओ बहुधा सेंटओएस ७ च्या काळातला असणार. तेव्हा तो सल्ला बरोबर होता. तुमच्या जुन्या ईआरपी व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये सीपीयूची ओळच नसेल, पाहून घ्या. ओळ नसली की केव्हीएम६४ धरला जातो. म्हणून तर ती इतकी वर्षं इकडून तिकडे बिनतक्रार जात होती.

आता पहिली एरर. प्रॉक्समॉक्स ८ पासून वेब पानावरून नवी व्हीएम केली की टाईप आपोआप एक्स८६-६४-व्ही२-एईएस पडतो. शेवटच्या तीन अक्षरांत तुमचं दुखणं आहे. एन्क्रिप्शनच्या एईएस सूचना झिऑनमध्ये वेस्टमिअरपासून आल्या, म्हणजे ५६०० मालिका, २०१०. तुमची ई५५२० त्याच्या आधीची, नेहालेम. तिला एईएस येत नाही, आणि प्रॉक्समॉक्स खोटं बोलायला तयार नाही, म्हणून व्हीएम सुरूच करत नाही. एररमध्ये अक्षरशः तेच लिहिलंय, फक्त पोलिसी भाषेत.

पण व्ही२ ला जे लागतं ते सगळं नेहालेममध्ये आहे. प्रॉक्समॉक्सच्या यादीत नुसता 'एक्स८६-६४-व्ही२' असाही टाईप आहे, शेपटीशिवाय. तो निवडा. रॉकी ९ तुमच्या दोन्ही सर्व्हरवर उठेल आणि चालू असताना इकडून तिकडे जाईल.

तिसरी एरर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लोक इथेच फसतात. 'होस्ट' म्हणजे मुखवटा जवळजवळ काढून टाकणं: ज्या सर्व्हरवर व्हीएम सुरू होईल त्याची चिप जशीच्या तशी दाखवायची. वेगासाठी उत्तम. एकच सर्व्हर असेल किंवा सगळे सर्व्हर हुबेहूब असतील तर बेलाशक वापरा. तुमचा आर७२० आयव्ही ब्रिज पिढीचा आहे, त्याला एव्हीएक्स (एकाच वेळी बऱ्याच आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) आणि एईएस दोन्ही येतं. व्हीएमने सुरू होताना ते टिपून ठेवलं. जीलिबसीसुद्धा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना बघते, आणि मेमरी कॉपी करण्यासारख्या कामांना एव्हीएक्सवाली वेगवान फंक्शनं जोडून देते. मग तुम्ही चालत्या व्हीएमच्या पायाखालची चिप बदलली. ती परत विचारत नाही. विश्वासाने एव्हीएक्सची सूचना देते, आणि खाली ई५५२०, जिने ती कधी ऐकलेलीच नाही. पुढे गोठणं, पॅनिक, काहीही होऊ शकतं.

यातली खरी वाईट गोष्ट म्हणजे तुमचा टास्क हिरवा आला. 'होस्ट' ठेवलं की प्रॉक्समॉक्सला तपासायला हातात यादीच नसते: इथलाही होस्ट, तिथलाही होस्ट, झालं. तेच तुम्ही नाव घेऊन टाईप दिला असता, समजा आयव्हीब्रिज, तर आर७१० ने 'एव्हीएक्स नाही' म्हणून दारातच नकार दिला असता, आणि व्हीएम आर७२० वर निवांत चालू राहिली असती. मी आमच्याकडे हाच दंडक ठेवलाय: जी व्हीएम हलवायची तिला नावाचाच टाईप. मला दारात मिळालेला नकार परवडतो, गेटवर गाडी उभी असताना गोठलेली व्हीएम परवडत नाही.

तपासायचं असेल तर दोन्ही प्रॉक्समॉक्सच्या शेलमध्ये, लिब६४ मधली जी एलडी-लिनक्स-एक्स८६-६४ नावाची लोडर फाईल आहे ती हेल्प पर्याय देऊन चालवा. अगदी शेवटी व्ही२, व्ही३, व्ही४ आणि त्यापुढे 'सपोर्टेड' येतं का ते दिसेल. जे आलं ते इथे टाका.

---

ईएसएक्स_काका:

पॅचकॉर्ड ताईंशी सहमत. व्हीएमवेअरच्या दुनियेत याच मुखवट्याला ईव्हीसी म्हणतात. क्लस्टरवर एक पिढी ठरवायची, सगळ्या सर्व्हरांनी तेवढंच दाखवायचं. आम्ही ते क्लस्टर उभं करतानाच लावायचो, कारण नंतर खालची पिढी लावायची तर चालू व्हीएम बंद कराव्या लागतात, आणि बंद करायला परवानगी कोण देतो?

एक भर. चिपचा नंबर सारखा असला म्हणजे यादी सारखीच असते असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाऊन हे चिपमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले तेव्हा मायक्रोकोडमधून (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) नव्या सूचना आल्या. एका सर्व्हरचं बायोस अपडेट केलं, शेजारचं राहून गेलं, तर जुळी भावंडंसुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत. इंटेलच्या हॅसवेल पिढीत तर उलटं झालं. टीएसएक्स नावाच्या सुविधेत दोष निघाला, २०१४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडने ती बंद केली, आणि म्हणून आज यादीत हॅसवेल आणि हॅसवेल-नोटीएसएक्स असे दोन वेगळे टाईप दिसतात. अपडेटनंतर नुसत्या हॅसवेल टाईपची व्हीएम उठली नाही तर कारण तिथे शोधायचं.

आणि कोणी सुचवायच्या आत सांगतो: तुमच्या या जोडीवर व्हीएमवेअरचा विचार करू नका. त्यांच्या ईएसएक्सआय ७ ने वेस्टमिअरच सोडून दिलं, नेहालेमचं तर नावच नको.

---

प्रेसशॉप_भोसरी:

पॅचकॉर्ड ताई, पहिल्यांदाच कोणीतरी एरर वाचून समजावून सांगितली. मनापासून आभार.

लोडर चालवून पाहिला. आर७१० वर व्ही२ पुढे 'सपोर्टेड', बाकी काही नाही. आर७२० वरही अगदी तेच! मला वाटलं होतं तो तरी व्ही३ दाखवेल.

टाईप नुसता एक्स८६-६४-व्ही२ केला. आधी तरीही तीच एरर येत राहिली. मग लक्षात आलं की हार्डवेअरच्या पानावर नवा टाईप वेगळ्या रंगात, जुन्याच्या खाली लटकून दिसतोय. व्हीएमच्या आतून रीस्टार्ट देऊन तो लागू होत नाही. पूर्ण शटडाऊन करून परत स्टार्ट दिला तेव्हा लागला. कोणाला पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आता रॉकी ९ दोन्हीकडे उठतं. चालू असताना आर७१० वर नेली, परत आणली, पुन्हा नेली. मध्ये एका सहकाऱ्याला मुद्दाम चलन छापत बसवलं होतं, त्याला कळलंही नाही.

पण नवं लचांड. डाय (प्रेसचे साचे) मेंटेनन्सच्या नोंदींसाठी एक अ‍ॅप घेतलंय, ते डॉकरच्या कंटेनरमध्ये (लायब्ररींसकट बांधलेल्या बंद डब्यात) येतं आणि सोबत मोंगोडीबी ६ हा डेटाबेस आणतं. ते आधी होस्ट टाईपवर आर७२० मध्ये चालत होतं. व्ही२ केल्यावर कंटेनर उठतो आणि पडतो, लॉगमध्ये 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड'. डॉकरचं तर स्वतःचं सगळं आत असतं ना? मग त्याला सीपीयू टाईपचं काय पडलंय?

---

निळी_पॅचकॉर्ड:

डॉकरच्या आत लायब्ररी असतात, प्रोसेसर नसतो. कंटेनर त्या व्हीएमचीच चिप वापरतो. याच कारणामुळे डेबियनच्या व्हीएममध्ये रॉकी ९ वर बेतलेली इमेज चालवली आणि टाईप केव्हीएम६४ असला, तर तीच 'फेटल जीलिबसी' एरर डॉकरमध्येही येते. लोक मग डॉकर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

मोंगोडीबीला आवृत्ती ५ पासून एव्हीएक्स लागतं. व्ही२ मध्ये एव्हीएक्स नाही, एईएसवाल्या व्ही२ मध्येही नाही. म्हणजे तुमच्या आर७२० च्या चिपला एव्हीएक्स येत असूनही मुखवट्याआड ते झाकलं गेलं. आता वाटेल की मग व्ही३ निवडू. चालणार नाही. व्ही३ ला एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय हेही लागतं आणि ते हॅसवेलपासून आलं. तुमच्या दोन्ही चिप लोडरला सारख्या पातळीच्या दिसल्या त्याचं कारण हेच: आयव्ही ब्रिज व्ही२ आणि व्ही३ च्या मध्ये लोंबकळतो. पातळ्या ठरवणाऱ्यांनी नुसत्या एव्हीएक्सला वेगळी पायरी दिलीच नाही. माझ्या मते द्यायला हवी होती, कारण सेकंडहँड बाजारात अशा सर्व्हरांचाच सुळसुळाट आहे.

तर त्या अ‍ॅपसाठी वेगळी व्हीएम करा आणि तिला आयव्हीब्रिज टाईप द्या. ती आर७२० वरच राहील, आर७१० वर जाणार नाही. ई५५२० मध्ये एव्हीएक्स कुठल्याही सेटिंगने येत नाही. साफसफाईच्या वेळी ते अ‍ॅप तासभर बंद राहिलं तर डाय काही पळून जात नाहीत. ईआरपी मात्र नुसत्या व्ही२ वर ठेवा, म्हणजे ती फिरती राहील. हाय अव्हेलेबिलिटी लावली असेल तर अ‍ॅपची व्हीएम तिथून वगळा, नाहीतर आर७२० पडल्यावर क्लस्टर तिला आर७१० वर उठवायचा हट्ट धरून बसेल.

मोंगोडीबी ४.४ वर मागे जा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्याचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला. तुमचा ऑडिटर पुन्हा लाल पेन काढेल.

विंडोजच्या व्हीएमचंही बघून ठेवा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ नसेल तर उठतच नाही. टॅलीवाली व्हीएम जुनी असेल आणि केव्हीएम६४ वर असेल, तर अपग्रेडच्या आधी टाईप बदला.

---

हिंजवडी_नाईटशिफ्ट:

माझा भंगाराचा सल्ला अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा ठेवतो, कारण रेड हॅट १० ला थेट व्ही३ लागतं, रॉकी १० लाही. म्हणजे पुढच्या अपग्रेडला आर७२० पण बाद. अल्मा १० वाले व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढतात, पण तुमचे ईआरपीवाले ती चालवून घेतील का, ते त्यांनाच विचारा.

एक जाता जाता. लाईट वरचेवर जात असेल तर दोन्ही बोर्डांवरचा बटणसेल, सीआर२०३२, बदलून टाका. तो मेलेला असला की वीज गेल्यावर बायोस सगळं विसरतं, आणि काही सर्व्हरांवर व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग परत बंद होते. मग प्रॉक्समॉक्स सांगतं की केव्हीएम (व्हीएमला थेट चिपवर चालवणारी सोय) उपलब्ध नाही, एकही व्हीएम उठत नाही, आणि माणूस सीपीयू टाईप उलटेपालटे करत बसतो. आणि दोन नोडचं, म्हणजे दोन सर्व्हरचं, क्लस्टर आहे तर तिसरं मत देणारा एखादा क्यूडिव्हाईस लावा. अगदी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक चालेल. नाहीतर एक नोड साफ करायला बंद केलात की दुसऱ्याचा कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) जातो, आणि एखादी व्हीएम बंद पडली तर परत सुरू करता येत नाही.

---

तापकीर_गल्ली_फेरफटका:

आर७१० इतक्यात जाणार नसेल तर त्यात एल५६४० च्या दोन चिप टाका. वेस्टमिअर, सहा कोअर, ६० वॅट. ई५५२० ८० वॅटची आहे, म्हणजे कोअर वाढून वीज थोडी कमीच. सॉकेट तोच. आधी बायोस शेवटच्या आवृत्तीपर्यंत न्या, नाहीतर ५६०० मालिका ओळखणार नाही, आणि दोन्ही सॉकेटमध्ये एकच मॉडेल ठेवा. थर्मल पेस्ट पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल, चिप मिळणार नाहीत. त्या जुने सर्व्हर सोडवून पार्ट विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन शोधा. सर्व्हर नव्या किमतीत सोन्याचे असतात, पण त्यांच्या जुन्या चिपा मात्र कोणी विचारत नाही, हे आपल्या पथ्यावर पडतं.

त्याने एईएस येईल, एव्हीएक्स नाही. एईएस आलं की दोन्हीकडे एक्स८६-६४-व्ही२-एईएस ठेवता येईल. ईआरपी एचटीटीपीएसवर असेल आणि बॅकअप एन्क्रिप्ट करून बाहेर जात असेल तर फरक जाणवतो. नुसत्या व्ही२ मध्ये ते सगळं गणित साध्या सूचनांनी होतं, आर७२० वरसुद्धा.

---

प्रेसशॉप_भोसरी:

एल५६४० चा विचार पटला. मालकांना सांगितलं की दोन चिप, दोन बटणसेल आणि एक रास्पबेरी पाय यात काम भागतंय. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'किती वर्षं?' रॉकी ९ चा सपोर्ट मे २०३२ पर्यंत आहे, तेवढी वर्षं ओएसच्या बाजूने तरी अडणार नाही, असं म्हणालो. हार्डवेअर टिकण्याची हमी मी दिलेली नाही. अ‍ॅपची व्हीएम आयव्हीब्रिजवर टाकली, मोंगो उठलं. मुद्दाम आर७१० वर ढकलून पाहिली तर ताई म्हणाल्या तसं दारातच अडवलं, आणि इकडे व्हीएम चालूच राहिली.

---

कॉलेज_लॅब_सहायक:

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ऑप्टेरॉन ६१२८ चा एक सर्व्हर आहे, दोन चिप मिळून सोळा कोअर. मुलांना सरावासाठी रॉकी ९ च्या व्हीएम द्यायच्या आहेत. नुसता एक्स८६-६४-व्ही२ ठेवला तर 'होस्ट डझन्ट सपोर्ट' येतं. होस्ट ठेवला तर जीलिबसीची एरर. वर सांगितलेलं सगळं करून पाहिलं.

---

निळी_पॅचकॉर्ड:

तुमच्या बाबतीत मुखवट्याचा दोष नाही, चिपच तिथपर्यंत पोचत नाही. ऑप्टेरॉन ६१०० मालिका २०१० ची असली तरी तिच्यात एसएसएसई३, एसएसई४.१, एसएसई४.२ नाहीत. एएमडीचं एसएसई४ए आहे, नाव सारखं वाटतं पण ती वेगळीच सूचना आहे, व्ही२ मध्ये तिची गणती नाही. म्हणजे ई५५२० तुमच्यापेक्षा वर्षभर जुनी असून रॉकी ९ चालवते आणि तुमची सोळा कोअरची जोडी चालवत नाही. होस्ट ठेवल्यावरही तीच एरर आली, यावरून उघड आहे.

केव्हीएम बंद करून क्यूएमूला (प्रॉक्समॉक्स व्हीएम चालवायला वापरतं ते सॉफ्टवेअर) सगळा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये रंगवायला लावता येतो, तेव्हा व्ही२ दिसेलही. पण वेग इतका घसरेल की मुलं लॉगिन होईपर्यंत तास संपेल. सरावासाठी रॉकीच हवं असा आग्रह नसेल तर डेबियन द्या. त्यांचं ६४ बिटचं बांधकाम अजून मूळ पातळीवरच आहे, व्ही२ मागत नाही. अभ्यासक्रमात रेड हॅटच्या कमांड असतील तर रॉकी ८ बसवा. रेड हॅट ८ च्या पिढीला व्ही२ ची अट नाही आणि तिला मे २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. व्हीएम करताना टाईप होस्ट ठेवा. एकच सर्व्हर आहे, हलवायचं कुठे नाहीये.